गाळा बंद करा म्हणणाऱ्यांविरुद्ध

पुढील चार व्यक्तींनी, पुढील चार दिवशी, माझ्या पत्नीला तिचा चालता धंदा बंद करण्याचा सल्ला दिला. इंग्रजी तारखा माझ्या वहीत आहेत. येथे मुद्दाम तिथी आणि सण देतो, कारण या प्रकरणातील प्रमुख साक्षीदार, म्हणजे माझी पत्नी, त्याशिवाय काहीही लक्षात ठेवत नाही.

वटपौर्णिमेच्या आदल्या दिवशी: बोईसरमधील एक डॉक्टर, महिला उद्योजकांच्या आरोग्य शिबिरात, ध्वनिक्षेपकावरून.

वटपौर्णिमेच्या दिवशी, तिचा उपास चालू असताना: मी, प्रस्तुत लेखक, स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून.

आषाढातल्या एका रविवारी: तिचा धाकटा भाऊ, राहणार नवापूर, आमच्या ओटीवर बसून.

नारळी पौर्णिमेच्या आधीच्या शुक्रवारी: तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याचे खरेदी अधिकारी, फोनवरून, हिंदीत.

चौघांचे शब्द वेगळे होते, आशय एकच: तुमचा रक्तदाब वाढला आहे, सबब गाळा बंद करा. रक्तदाब कशाने वाढला हे चौघांपैकी एकालाही ठाऊक नव्हते. आधी शिक्षा आणि मागाहून चौकशी हा क्रम मी पालघरच्या न्यायालयातील माझ्या सबंध कारकुनीत एकदाच पाहिला होता, आणि ती शिक्षा वरच्या न्यायालयात टिकली नाही.

ज्या गाळ्याविषयी हे चालले आहे तो कुंभवलीत आहे. त्यात नऊ शिलाई मशिनी, एक ओव्हरलॉक, एक काज करण्याचे मशीन, कापड बेतण्याचे लांब टेबल आणि अकरा बायका. येथे कारखान्यातील कामगारांचे गणवेश शिवले जातात. सकाळी पहिल्या पाळीला वसाहतीच्या फाटकांतून जी निळी आणि करडी गर्दी आत जाते, तीतील कित्येकांच्या पाठीवरची शिवण माझ्या पत्नीच्या गाळ्यातली असते. आज हे मी अभिमानाने लिहितो. त्या काळी मात्र कोणी विचारले की, ‘वहिनी काय करतात?’ तर माझे उत्तर ठरलेले असे: ‘थोडेफार शिवणकाम करते.’ अकरा बायकांना दरमहा पगार देणाऱ्या आस्थापनेला ‘थोडेफार’ हे विशेषण मी कोणत्या आधारावर लावत होतो, याचा खुलासा मला आजही करता येत नाही.

आता शिबिराकडे येतो. तेथे उद्योजक स्त्रियांची विनामूल्य तपासणी होती. मसाले करणाऱ्या होत्या, सुकी मासळी पुरवणाऱ्या होत्या, ब्यूटी पार्लरवाल्या होत्या. पती मंडळींसाठी बाहेर मांडवात चहा ठेवला होता. तो टाळून मी आत शेवटच्या खुर्चीवर बसलो, कारण ज्या कार्यवाहीत आपले माणूस आहे ती प्रत्यक्ष ऐकावी, असा माझा नियम आहे.

तरुण परिचारिकेने हिच्या दंडाला पट्टा बांधला.

“मावशी, हात सैल सोडा.”

“सैलच हाय. तुजा ब्लाउज मात्र दंडाला घट्ट झालाय. आत कापड ठेवलेलं असंल, अर्दा इंच सोडून घे.”

मुलगी हसली, पट्टा फुगवला, आकडा पाहिला आणि हसायची थांबली. तिने पुन्हा मोजले. मग तिसऱ्यांदा.

“एक माप घ्यायला तीनदा?” ही म्हणाली. “मी मान्साला नुसती दारातून आत येताना बघून छातीचा नंबर सांगते.”

मुलगी डॉक्टरांना घेऊन आली. डॉक्टर सज्जन आहेत, हुशार आहेत, हे मी सुरुवातीलाच मान्य करतो. त्यांनी स्वतः मोजले, गोळी लिहून दिली, महिन्याने दवाखान्यात यायला सांगितले. येथपर्यंत तक्रार नाही. परंतु त्यानंतर त्यांचे भाषण होते, आणि त्यात त्यांनी हिला उभे केले. “या ताईंचं उदाहरण घ्या,” ते म्हणाले. “वरचा आकडा एकशे शहात्तर, आणि ताईंना पत्ताच नाही! स्त्रीनं घर सांभाळून झेपेल तेवढंच करावं. ताई, पुष्कळ केलंत. आता गाळा बंद करा, घरी आराम करा.”

टाळ्या वाजल्या. त्या कोणत्या गोष्टीसाठी वाजल्या, हे मला अद्याप समजलेले नाही.

त्यांनी मीठ कमी करण्यासही सांगितले होते. परतताना रिक्षात ही म्हणाली, “मीठ बंद म्हनतात! मी नवापूरची हाय. माज्या अंगात रगत कमी आन् समुद्रच जास्त.”

दुसऱ्या दिवशी वटपौर्णिमा. ही पहाटे उठून वडाला सूत गुंडाळून आली आणि निर्जळी उपासानिशी गाळ्यावर निघाली. मी स्वयंपाकघराच्या दारात तिला अडवले. रात्रभर मनात एक वाक्य रचून ठेवले होते, ते उच्चारले: “सात जन्मांची मागणी नोंदवून आलीस, परंतु चालू जन्म पूर्ण करायचा असेल, तर गाळा बंद कर.” वाक्य मला चांगले साधले होते. तिने पायात चपला सरकवल्या.

“सात जन्म मागितलेत,” ती म्हणाली, “सुट्टी नाय मागितली.”

आणि गेली.

आषाढात तिचा भाऊ आला. पावसाळ्यात बोटी किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या असतात, मासेमारीला बंदी असते, आणि या दिवसांत तो घरी बसून इतका कावतो की त्याची बायकोच त्याला नातेवाइकांकडे पाठवून देते. आमच्या ओटीवर बसून त्याने बहिणीला सुनावले, “ताय, बास आता. दाजींना पेन्शन हाय. कशाला मरतेस? बंद कर.”

“तुजी बोट दोन म्हैने बंद हाय,” ही म्हणाली. “कसं वाटतंय?”

“नको विचारू. डोकं फिरायची पाळी आलीय.”

“मंग?”

“मंग काय? मी पुरुष हाय. तुजी गोष्ट येगळी.”

हे विधान मी तत्काळ वहीत त्याच्याच शब्दांत उतरवून घेतले. पुढे त्यावर त्याला टपालाने चार पानी पत्र पाठवले. नवापूर आमच्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर आहे, परंतु टपालाला जे वजन असते ते रिक्षाला नसते. आठवड्याने तो सुक्या बोंबलांची पिशवी आणि न फोडलेले पत्र घेऊन हजर झाला. “दाजी, तुमचं अक्षर लई बारीक. तुमीच वाचून दाखवा.” माझेच आरोपपत्र मला आरोपीसमोर मोठ्याने वाचावे लागले. तो मन लावून ऐकत होता. शेवटी म्हणाला, “मस्त लिवलंय. कोनाबद्दल हाय?”

चौथे खरेदी अधिकारी. त्यांना हिच्या आजाराची कुणकुण लागली होती. फोन स्पीकरवर होता, म्हणून मीही ऐकला. “मॅडम, आप टेन्शन मत लो. अब आराम करो. बंद कर दो, हम दूसरा वेंडर देख लेंगे.” आणि श्वासही न घेता पुढे: “लेकिन ये लॉट मंगलवार तक चाहिए. अर्जंट है.”

आराम आणि अर्जंट हे दोन शब्द एकाच माणसाने एकाच दमात एकाच स्त्रीला सांगितल्याचा याहून स्पष्ट पुरावा कोणाला हवा असेल, तर तो माझ्याकडे नाही.

यानंतर जे घडले त्याची मला अपेक्षा नव्हती. त्या संध्याकाळी ही गाळ्यातून लवकर परतली, हातपाय धुतले आणि माझ्यासमोर बसली.

“बंद करते,” ती म्हणाली. “ही ऑर्डर देऊन टाकते, मंग बंद. पोरींना पन सांगून ठेवते.”

मी जिंकलो होतो. माझी मागणी मान्य झाली होती. तरीही मला त्या रात्रीचे जेवण गोड लागले नाही. लग्नाला चाळीस वर्षे झाली. या बाईने माझ्याशी वाद न घालता काही मान्य केल्याचे एकही उदाहरण माझ्या स्मरणात नव्हते. तिचा आवाज कोणी इस्त्री केल्यासारखा सपाट होता.

दोन दिवसांनी गाळ्यातली कटिंग करणारी बाई आमच्या घरी आली. ती मासवणची. पावसात डोंगरउतारावरची भातशेती, आणि आवणी, म्हणजे भाताची लावणी, आटोपली की वर्षभर हिच्याकडे काम. तिच्या कातरीखालून कापडाची इंचभर चिंधीही वाया जात नाही. ती उंबऱ्यावरच बसली.

“वकीलकाका,” ती म्हणाली. मी वकील नाही, हे मी तिला अनेकदा सांगितले आहे. “मावशी गाळा बंद करनार. आमी अकराजनी. तुमी सगल्यांना लेटर लिवता, तर आमचं पन एक लिवा.”

“कोणाला?”

“ते तुमी सांगा. मावशीला कशानं तरास व्हतो ते कोनाला ठाव हाय, त्याला.”

मग तिने विचारले, “काका, तुमी गाळ्यात दिसभर कदी बसलात?”

कधीच नाही. उद्घाटनाला नारळ फोडण्यासाठी गेलो होतो. त्यानंतर दारातून चौकशी करून परतत असे. ज्या जागी गुन्हा घडला असा माझा दावा होता, त्या जागेची पाहणी न करता मी निकाल देऊन मोकळा झालो होतो. माझ्याइतकी नामुष्की कोणा शिकाऊ कारकुनाचीही झाली नसती.

दुसऱ्याच दिवशी वही, दोन पेने आणि घडीचे स्टूल घेऊन मी स्थळपाहणीस कुंभवलीत हजर झालो. बायकांना ते फारसे रुचले नाही.

“काका, तुमी असं लिवत बसलात की आमची शिवन वाकडी येते.”

“माझ्याकडे पाहू नका.”

“पाहत नाय हो, पन पेन वाजतंय ना!”

मी पेन्सिल आणवली.

पहिल्या दिवसाच्या नोंदी अशा. पत्नी सकाळी नऊला मशीनवर बसली. शेजारी पाण्याची बाटली होती. दुपारपर्यंत पाण्याची रेघ होती तेथेच. चहा मात्र सतत, प्रत्येक वेळी साखरेचा. मशीनवरून उठणे जवळजवळ नाही. पाठ वाकलेली, मान डावीकडे, कारण फोन कान आणि खांद्याच्या मध्ये धरलेला. फोनवर वारंवार येणारा शब्द: अर्जंट.

“पाणी का पीत नाहीस?” मी विचारले.

“प्यालं की उठावं लागतं. संडास पार तिकडं, टोकाला.”

“मग ऊठ.”

“सुई खाली असताना उठायचं नसतं.”

हा तिच्या गाळ्याचा नियम आहे. सुई कापडात रुतलेली असताना मशीन सोडले तर धागा ताणतो, टाका सैल पडतो, आणि घामाघूम झालेल्या कामगाराची शिवण नेमकी तेथेच उसवते. म्हणून शिवण पुरी करायची आणि मगच उठायचे. नियम योग्य आहे, त्यावर माझा आक्षेप नाही. परंतु एक शिवण संपते तेथे तिचा हात दुसरी बाही मशीनच्या दाबाखाली सरकवतो, सुई पुन्हा खाली जाते, आणि कायदा पुन्हा लागू होतो. अशा रीतीने एका चांगल्या नियमाच्या आधारे ही स्त्री सकाळी नऊपासून स्थानबद्ध होती. शिवाय मालकीणच उठत नाही म्हणून अकराजणींनीही पाणी पिणे सोडले होते.

दुसऱ्या दिवशीच्या नोंदी तशाच. दोन्ही दिवशी मी पावणेबाराला घरी परतलो, कारण माझे भोजन साडेबाराला असते. माझ्या मागोमाग ही रिक्षाने यायची, तांदळाच्या भाकऱ्या थापायची, मला गरम वाढायची आणि परत जायची. “तू?” मी विचारी. “गाळ्यात जेवते पोरींबरोबर,” ती सांगे. हे गेली कित्येक वर्षे असेच चालू होते आणि त्यात नोंदवण्यासारखे काही आहे, असे मला वाटले नव्हते.

तिसऱ्या दिवशी जेवण होताच मी तिच्याच रिक्षात बसून गाळ्यात परतलो. बायका डबे उघडून गोलाकार बसल्या होत्या. मासवणच्या बाईने जागा केली.

“मावशी, बसा. आज नाचनीची भाकर हाय.”

“नको गो,” ही म्हणाली, “मी घरी जेवून आले.”

माझी पेन्सिल थांबली.

“कोण जेवून आले?” मी विचारले.

“मावशी,” मासवणची म्हणाली. “रोजच जेवून येतात ना घरी.”

“घरी तर ती जेवत नाही. ती येथे जेवते.”

“इथं कवा? आमी तर कदी पाह्यलं नाय!”

अकरा बायकांचे घास हातात राहिले. मी पत्नीकडे पाहिले. ती दोऱ्याची रिळे रंगवार लावण्यात अतिशय गढून गेली होती. ती आधीच रंगवार लावलेली होती.

“घरी सांगतेस गाळ्यात जेवते. गाळ्यात सांगतेस घरी जेवते. या दोन परस्परविरोधी जबान्या आहेत,” मी म्हणालो. माझा आवाज चढला होता, हे कबूल करतो. “मग तू जेवतेस कोठे?”

“रिक्षा दोन्हीकडं जाते ना,” ती रिळांना उद्देशून म्हणाली. “जेवन मधीच कुठंतरी पडत असंल.”

प्रथम मासवणची हसली, मग सगळ्याच. “काका, मावशीनं तुमाला पन फसवलं आन् आमाला पन! आन् तुमी पेन्सिल घेऊन बसलात!” मला हसू येत नव्हते.

“हे कधीपासून?”

“तुमी रिटायर झाल्यापासून.”

“मी काय केले?”

“घरी चला. दाखवते.”

स्वयंपाकघरातील कपाटाच्या दाराच्या आतील बाजूस एक कागद चिकटवलेला होता. निवृत्त झाल्याच्या दुसऱ्या दिवशी मी तो स्वतः तयार केला होता. तो मी विसरून गेलो होतो, कारण कपाट उघडण्याचा प्रसंग मला येत नसे. शीर्षक: दिनक्रम. त्यात ‘दुपारी १२.३० : भोजन (गरम भाकरी)’. खाली माझी सही, सहीखाली रेघ.

“तुमचं जेवन होईस्तोवर एक वाजतो,” ती म्हणाली. “मंग मी बसले तर दीड. तिकडं बटनं लावायची थांबलेली असतात. म्हनून जाते. आन् पोरींना काय सांगू? नवऱ्याला वाढून आले, सोता उपाशी? मालकीन हाय मी त्यांची. मला लाज वाटत नाय का?”

मी लेखी पुराव्याचा माणूस आहे. आयुष्यभर इतरांच्या सह्या त्यांच्यासमोर धरून विचारले, ‘ही आपलीच ना?’ त्या दुपारी कपाटाच्या दाराने मला तेच विचारले. होय, माझीच. मी तो कागद नखाने खरवडून काढला. तिने डबा उघडला, मघाची उरलेली भाकरी आणि आमटी घेऊन ओट्यापाशीच बसली आणि जेवली. मी समोर बसून राहिलो. नोंद घेतली नाही.

त्यानंतरच्या सुधारणा पुढीलप्रमाणे अमलात आल्या.

भाकरी मी शिकलो. तांदळाच्या पिठाची उकड काढण्यासाठी पाणी ‘उकळीच्या अलीकडे’ हवे असते. उकळीच्या अलीकडे म्हणजे नक्की कोठे, याची व्याख्या हिने आजतागायत दिलेली नाही. माझी पहिली भाकरी तव्यावर टाकताना मधोमध फाटली आणि अर्धी शेगडीत गेली. फोन केला. “गोळा मळला का?” “मळला.” “किती?” “एकजीव होईपर्यंत.” “कोनाचा जीव?” पलीकडे अकरा जणी खिदळल्याचा आवाज आला, फोन स्पीकरवर होता. आठव्या दिवशी भाकरी फुगली. त्या दिवसापासून मी साडेबाराला डबा घेऊन कुंभवलीत हजर असतो. ही, मी आणि त्या अकरा जणी एकत्र जेवतो. माझ्या भाकरीवर रोज खुली सुनावणी होते. “काका, आज कड जाड हाय.” “आज पलटायला उशीर केलात.” अपिलाची तरतूद नाही.

सुईच्या नियमावर मी वहीत तीन पोटकलमे तयार केली होती. ती वाचायच्या आत मासवणच्या बाईने प्रश्न सोडवला. ती बेतलेल्या कापडाचे गठ्ठे बांधून प्रत्येकीला देते. तिने प्रत्येक गठ्ठ्याच्या तळाशी एक लाल चिंधी ठेवायला सुरुवात केली. लाल चिंधी हातात आली की गठ्ठा संपला. नवीन गठ्ठा मागायला उठून तिच्या टेबलापाशी जायचे, आणि टेबलावर पाण्याचा हंडा. पाणी प्यायल्याशिवाय ती गठ्ठा देत नाही.

“मी मालकीन हाय,” हिने पहिल्या दिवशी दटावले. “दे गठ्ठा.”

“पानी प्या, मंग मालकीन.”

फोन दुपारी माझ्याकडे सोपवण्यात आला. खरेदी अधिकाऱ्यांचा पहिलाच फोन मी घेतला. “आपण ‘अर्जंट’ हा शब्द वापरला. आपल्या खरेदी आदेशात शेवटच्या लॉटची मुदत अद्याप नऊ दिवस पुढे आहे. ‘अर्जंट’ची व्याख्या कृपया लेखी कळवावी.” पलीकडून काकुळतीने: “अंकल, मॅडम को दो ना.” मॅडम जेवत आहेत, असे मी सांगितले; आणि ते खरे होते, याचा मला जो आनंद झाला तो अवर्णनीय आहे. आता ते दुपारी फोन करीत नाहीत, ईमेल करतात, आणि त्यात अर्जंट हा शब्द नसतो.

मिठाबाबत तडजोड झाली. सुका जवळा आणि खारे बोंबील फक्त रविवारी. भावाने ताजी मासळी पोचवण्याची जबाबदारी घेतली. बोटी पुन्हा दर्यावर गेल्याने तो माणसात आला होता. संध्याकाळी गाळा बंद केल्यावर, म्हणजे कुलूप लावल्यावर, ही रिक्षा न करता अर्धे अंतर चालते. मी बरोबर असतो. ती माझ्यापेक्षा वेगाने चालते आणि दर विजेच्या खांबापाशी थांबून म्हणते, “येताय का तारीख घेऊ?”

आणि ऑर्डर पूर्ण झाली तेव्हा ‘बंद’ हा शब्द तिने काढला नाही. मीही नाही. मासवणच्या बाईने फक्त विचारले, “मावशी, पुढचं थान कवा येनार?” “परवा,” ही म्हणाली. एवढ्यावर ते प्रकरण निकालात निघाले.

दसऱ्यानंतर आम्ही डॉक्टरांकडे गेलो. महिन्याच्या भेटी आणि गोळ्या नियमित चालू होत्याच. आमच्या आधी एक कारखानदार आत होते. त्यांची गाडी दवाखान्याच्या दारात आडवी लावलेली असल्यामुळे आम्हाला वळसा घालून यावे लागले. आत आणि बाहेर यांच्यामध्ये पडदा होता. पडद्यातून आवाज जातो, आणि ऐकू आलेले न ऐकल्याचे सोंग मी करत नाही. त्यांचाही रक्तदाब वाढलेला होता. डॉक्टर म्हणाले, “शेठ, गोळी वाढवतो. संध्याकाळी फिरायला जा, जेवणाची वेळ पाळा, आणि एखादा चांगला मॅनेजर ठेवा. कारखाना आता दोन पाळ्यांत करताय ना? वा!”

मी थांबून ऐकले. पुढचे वाक्य येईल, असे वाटले. आले नाही.

मग आमची पाळी. डॉक्टरांनी पट्टा बांधला, आकडा पाहिला, पुन्हा पाहिला आणि खुर्चीत मागे रेलले. “उत्तम! गोळी आहे तीच ठेवू. पाहिलंत? बंद केलात ना गाळा? मी सांगितलं होतं.”

“नाय,” ही म्हणाली. “दोन मशिनी वाढवल्या. नवरा कामाला लावला.”

डॉक्टर मोठ्याने हसले. प्रामाणिक माणूस आहे. त्यांनी सगळे विचारून घेतले, लाल चिंधीचे दोनदा ऐकले, आणि म्हणाले, “मग माझंच चुकलं म्हणायचं. छान चाललंय, असंच चालू ठेवा.”

येथे अनेकजण समाधान मानून घरी गेले असते. पत्नीही तेच म्हणते: “झालं ना आता? बरी हाय ना मी? कशाला त्या बिचाऱ्याच्या मागं लागता?” तिच्या सूचनेचा आदर राखून मी असहमत आहे. त्या शिबिरात हॉल भरला होता. मसालेवाल्या, मासळीवाल्या, पार्लरवाल्या बसल्या होत्या. त्यांतल्या किती जणी घरी सांगतात की गाळ्यात जेवतो आणि गाळ्यात सांगतात की घरी जेवलो, हे मला ठाऊक नाही. त्यांनी ‘बंद करा’ हे वाक्य ध्वनिक्षेपकावरून ऐकले आणि त्यावर टाळ्या वाजवल्या. ‘माझंच चुकलं’ हे वाक्य मात्र पडद्यामागे, दोन माणसांच्या साक्षीने उच्चारले गेले. सल्ला जाहीर आणि दुरुस्ती खासगी, ही वाटणी मला मान्य नाही.

दुसरा, तिसरा आणि चौथा आरोपी यांच्याविषयी माझी आता मागणी नाही. चौथा सुधारला, तिसरा मासळी देतो. दुसऱ्याने, म्हणजे प्रस्तुत लेखकाने, आपली कैफियत सहीनिशी वर दिली आहे. तिच्यात त्याने काही लपवलेले नाही.

म्हणून पहिल्यांना विचारतो. डॉक्टरसाहेब, दवाखान्यात आलेल्या किती पुरुष कारखानदारांना आपण रक्तदाबासाठी कारखाना बंद करायला सांगितलेत? एकालाही नाही, तर का नाही? आणि स्त्रीला तो सल्ला देण्यापूर्वी, ‘तुम्ही दुपारी जेवता का, आणि घरी दुपारचे जेवण कोण करते?’ एवढे दोन प्रश्न का विचारले नाहीत? याचे उत्तर पुढील शिबिरात, भरल्या हॉलमध्ये, त्याच ध्वनिक्षेपकावरून, त्याच स्त्रियांसमोर द्यावे. त्यांच्या नवऱ्यांनाही मांडवातून आत बोलावून बसवावे. फोनवर, पत्राने किंवा पडद्याआड दिलेले उत्तर मी स्वीकारणार नाही.